कागदावरचा धबधबा

तो धबधबा मला पहिल्यांदा दिसला तो भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर, दिव्याच्या उजेडात, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. ती भूशास्त्र शिकते. कॉलेजात सरावासाठी दिलेली टोपोशीट, म्हणजे डोंगर-ओढे दाखवणारा बारकाईचा नकाशा, पसरून बसली होती आणि मी उगाच डोकावत होतो. "मामा, ही निळी रेघ बघ," ती म्हणाली, "आणि आता ह्या तपकिरी रेघा बघ तिच्यावर कशा येतात." मला आधी काहीच दिसलं नाही. नकाशात मला फक्त रस्ते दिसतात. मग तिने पेन्सिलचं टोक टेकवलं. एका बारीक ओढ्यावर दोन कंटूर, म्हणजे त्या तपकिरी रेघा, एकमेकींना चिकटल्या होत्या.

एका कंटूरवरचा प्रत्येक बिंदू सारख्या उंचीवर असतो. तिच्या १:५०,००० च्या, म्हणजे एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर अशा नकाशात दोन कंटूरमधला फरक २० मीटरचा होता. रेघा लांब लांब असल्या तर सौम्य उतार, जवळ जवळ असल्या तर चढ, आणि एकमेकींना चिकटल्या तर कडा. त्या कड्यावरून निळी रेघ जात असेल तर पाण्याला दुसरी वाटच नाही, ते पडणार. "किमान २० मीटर," भाची म्हणाली, "आणि ६० पेक्षा कमी, कारण त्यांच्या वरची आणि खालची रेघ सुटी आहे. नेमकं किती ते तिथे जाऊनच कळेल." नकाशावर तिथे कसलंही नाव नव्हतं, धबधब्याची खूणही नव्हती. शहरापासून मात्र एवढं जवळ की सकाळी निघून रात्रीच्या आत घरी.

त्या जागेचं नाव मी इथे लिहिणार नाही, हे आधीच सांगतो. नाव आहे, आम्हाला ते पुढे कळलं. पण ती वाट दहा माणसांची आहे, हजारांची नाही. घळीत फोन लागत नाही आणि पाय मुरगळला तर उचलून आणायला तीन-चार तास लागतील. ज्याला खरंच जायचं आहे त्याला आपल्या शहराभोवतीच्या नकाशात असे चार-दोन तांदळाचे दाणे सापडतीलच.

आम्ही तीनदा गेलो. धबधबा भेटला तो तिसऱ्यांदा.

पहिल्या खेपेला चूक सरळ माझी होती. पाऊस थांबून बरेच महिने झाले होते, हवा छान होती, मला सुट्टी होती. उपग्रहाच्या छायाचित्रात त्या जागी कड्याची काळी सावली आणि झाडांचा हिरवा पट्टा स्पष्ट दिसत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. ही छायाचित्रं बहुतेक कोरड्या दिवसांतली असतात हे तेव्हा डोक्यात आलं नाही. पावसाळ्यात ढगांमुळे वरून जमीनच दिसत नाही, त्यामुळे चांगलं चित्र म्हणून जे ठेवलं जातं ते निरभ्र दिवसाचं. हिरवा पट्टा दिसला म्हणजे झाडांच्या मुळांना ओल मिळते, इतकंच. वर पाणी वाहतंय असा त्याचा अर्थ होत नाही.

वेळेचा हिशोबही मी केला होता. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला होता, तो आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास. नकाशावर ओढ्याच्या वळणांवरून दोरा फिरवून मी अंतर मोजलं, ९ सेंटिमीटर भरलं, म्हणजे साडेचार किलोमीटर. चढ ३०० मीटर. तासाभराच्या आतलं अंतर, अर्धा तास चढाचा, एकूण १ तास २४ मिनिटं. मी हे कागदावर लिहूनसुद्धा काढलं. भाचीने तो कागद जपून ठेवला आहे आणि घरात कुणी आलं की दाखवते. आम्हाला तीन तास दहा मिनिटं लागली.

नेस्मिथचं काही चुकलं नव्हतं. त्याचा हिशोब चालता येईल अशा जमिनीसाठी आहे. आम्ही पहिला दीड किलोमीटर बरे चाललो, गुरांनी पाडलेली वाट होती. मग ती वाट सोंडेवर चढून गेली आणि आम्हाला ओढ्याच्या पात्रात उतरावं लागलं. पात्रात टेबलाएवढे, कपाटाएवढे, एक-दोन तर खोलीएवढे धोंडे. तिथे चालणं नसतंच. चढायचं, बसायचं, घसरायचं, वळसा घालायचा, पुन्हा चढायचं. तासाला किलोमीटरभर झालं तरी खूप. त्यात घळीत शिरल्यावर फोनमधला निळा ठिपका वेडावला. दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्या की आकाशाची फक्त पट्टी उरते. जागा पक्की करायला फोनला निदान चार उपग्रह लागतात, आणि जे दिसतात त्यांचे संदेशही कड्यावर आपटून उशिरा पोचतात. फोनच्या मते आम्ही बराच वेळ डाव्या कड्याच्या माथ्यावर हिंडत होतो. भाचीने फोन खिशात टाकला, टोपोशीट काढली आणि वळणं मोजायला लागली. "तिसरं वळण उजवीकडे, मग डावीकडून एक छोटा ओढा मिळेल, मग आपण." मिळाला. नंतर आम्ही पोचलो.

समोर कोरडा कडा.

मी तिथेच एका दगडावर बसलो. माथ्यापासून खालपर्यंत एक काळपट, पुसट ओघळ होता, वर्षानुवर्षं पाणी उतरल्याची खूण. पायथ्याला हिरवट पाण्याचं डबकं आणि त्यावर मच्छर. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण भाची मात्र खुशीत होती. "अरे मामा, असा उघडा धबधबा बघायला मिळतो कुठे? पाणी असलं की काहीच दिसत नाही!"

आणि पुढचा तास-दीड तास तिने मला तो कडा वाचून दाखवला. वरची आठ-दहा मीटर जाडीची पट्टी घट्ट, काळी, उभ्या भेगांची. तिच्याखाली लालसर, भुसभुशीत थर, नखाने खरवडला तरी भुकटी पडेल असा. दोन्ही लाव्हाच्या काळातले, पण खालच्या थराला गोठून गेल्यावर बराच काळ ऊन-पाऊस मिळाला, तो कुजला, आणि मग त्याच्यावर नवा लाव्हा येऊन पसरला. आता पाणी वरून पडतं तेव्हा वरच्या कठीण पट्टीचं ते फारसं वाकडं करू शकत नाही, पण खाली आपटून उडणारे तुषार मऊ थर पोखरत राहतात. वरची पट्टी छपरासारखी पुढे लटकत राहते. तिच्या उभ्या भेगांत पाणी शिरतं, आणि एक दिवस छपराचा तुकडा स्वतःच्या वजनाने खाली येतो. वाटेत आम्ही ज्या खोलीएवढ्या धोंड्यांना शिव्या घालत आलो ते हेच तुकडे. म्हणजे प्रत्येक पडझडीबरोबर धबधबा एकेक पाऊल मागे, ओढ्याच्या उगमाकडे सरकतो.

नायगराचंही असंच आहे. तिथे वर डोलोमाइट नावाचा कठीण खडक आणि खाली शेल नावाचा मऊ. गेल्या साधारण १२,००० वर्षांत तो ११ किलोमीटर मागे सरकलाय. वर्षाला जवळजवळ मीटरभर! आता पाणी वीजनिर्मितीसाठी वळवल्यामुळे हा वेग बराच कमी झाला आहे. आमचा ओढा वर्षातले बरेच महिने झोपलेलाच असतो, त्याला कितीतरी जास्त काळ लागला असणार. पण ज्या घळीतून आम्ही तीन तास धडपडत आलो ती सगळी घळ म्हणजे धबधब्याने मागे टाकलेली वाट, हे कळल्यावर मी परतताना त्या भिंतींकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. घळीच्या तोंडाशी, जिथे गुरांची वाट सुटते तिथे, कधीतरी तो पडत होता.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी झाली, तिची किंमत पुढे कळली. पायथ्याचा डोह जवळजवळ आटला होता, त्यामुळे त्याचा तळ आम्हाला दिसला. मध्यभागी रांजणासारखा गोल खड्डा. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत राहतात आणि तळ घोटत जातात, त्यातून असे रांजणखळगे होतात. त्याच्या काठाला मात्र वरून पडलेले तीन धोंडे, टोकं वर करून, पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या हातभर खाली असतील असे. भरलेल्या डोहात यातलं काही दिसलं नसतं. भाचीने वहीत त्या धोंड्यांच्या जागा काढून घेतल्या.

परतीच्या वाटेवर गुरांच्या मागे एक आजोबा भेटले. कुठून आलात विचारलं. सांगितलं तर हसले. "आत्ता कशाला गेला? आत्ता तिथं काय हाय?" त्यांनीच नाव सांगितलं. आम्ही ज्याला 'शोध' म्हणत होतो त्या जागेवर त्यांची गुरं कित्येक वर्षं पाणी पीत होती. अनवट, अपरिचित वगैरे शब्द शहरातल्या माणसाचे, हे तेव्हा नीट कळलं. निघताना म्हणाले, "पावसात या, पण पाणी लाल झालं की थांबू नका. बघत उभं ऱ्हायचं न्हाई. वर चढायचं."

घरी आल्यावर भाचीने जे आधी करायला हवं होतं ते केलं. धबधब्याच्या माथ्यापासून सुरू करून तिने नकाशावर दोन्ही बाजूंच्या डोंगरधारा पेन्सिलने जोडत नेल्या. ज्या रेघेच्या आत पडलेला पाऊस ह्या ओढ्यात येतो आणि बाहेर पडलेला दुसऱ्या ओढ्यात जातो, ती रेघ. आत किती चौकोन आले ते मोजले. एकेक चौकोन एका चौरस किलोमीटरचा. अर्धे-पाव धरून कसेबसे तीन भरले.

तीन चौरस किलोमीटर. बस्स. ह्या एका आकड्यात आमच्या पुढच्या दोन्ही खेपा होत्या, पण तेव्हा मला त्यातला अर्धाच अर्थ कळला. एवढ्याशा ताटलीत पाणी साठून राहणार कुठे? पाऊस थांबला की ओढा काही दिवसांत बारीक होणार आणि मग संपणार. मोठ्या नद्यांचे धबधबे वर्षभर चालतात कारण त्यांच्यामागे हजारो चौरस किलोमीटर मुलूख असतो. आमच्या मागे एक डोंगर होता. म्हणून पावसाळ्यातच, तेही भर पावसात जायला हवं, असं मी ठरवून टाकलं.

अर्थाची दुसरी बाजू दुसऱ्या खेपेला शिकलो. त्या सबंध आठवड्यात पाऊस होता, आमच्या दिवशी सकाळी उघडीप. वाटेत ओढा दोनदा ओलांडावा लागतो. पहिल्या ठिकाणी पाणी पोटरीच्याही खाली, स्वच्छ. भाचीने तिथे काठाजवळचा एक सपाट माथ्याचा दगड हेरला, पाण्याच्या चार बोटं वर होता. "हा आपला खुणेचा दगड. बुडला तर आज धबधबा नाही." मी हो म्हटलं, जसं आपण लहानांना म्हणतो तसं.

दुसऱ्या ओलांडणीपाशी पोचलो तेव्हा आमच्या डोक्यावर ऊन होतं. वर डोंगरमाथ्यावर मात्र ढग काळाभोर होऊन टेकला होता. मी बूट घट्ट करत होतो. भाची पाण्याकडे बघत उभी होती. "मामा, काड्या." पाण्यावरून सुक्या काड्या, पानं, फेसाचे गोळे यायला लागले होते. पाणी वाढलंय असं डोळ्याला वाटत नव्हतं, पण किनाऱ्यावर पडून असलेला कचरा वाहायला लागला याचा अर्थ वर कुठेतरी पाण्याने काठ गाठले होते. मग रंग बदलला. आधी दुधाळ, मग चहासारखा, आणि बघता बघता विटेसारखा लाल. आजोबांचं वाक्य आठवायचीही गरज पडली नाही, पाय आपोआप वळले.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कबूल करायची आहे. वळलो, पण पहिला विचार 'अरेरे' असा होता. नकाशावर दीड सेंटिमीटर उरला होता. आता पटकन ओलांडलं तर पलीकडून बघून येऊ, असं मन म्हणत होतं. पलीकडे अडकलो तर काय, हा प्रश्न मनाला पडलाच नव्हता. भाचीला पडला होता. माझ्यापेक्षा ती वयाने अर्ध्याहून कमी आहे.

आम्ही पात्र सोडून झाडीतून, काठापासून उंचावरून परत निघालो. पहिल्या ओलांडणीपाशी येईपर्यंत चाळीसेक मिनिटं गेली असतील. खुणेचा दगड कुठे होता तेही कळेना. जिथे आम्ही सकाळी पोटरीभर पाण्यातून गप्पा मारत आलो होतो तिथे गुडघ्याच्या वर, गढूळ, तळ न दिसणारं पाणी धावत होतं, आणि त्यातून दगड गडगडत जाण्याचा आवाज येत होता. दबका, पायांना जाणवणारा. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. ही वाक्यं वाचलेली होती. ती ऐकू कशी येतात ते त्या दिवशी कळलं.

आम्ही काठापासून चांगले वर, एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी बसलो आणि वाट बघितली. बसल्या बसल्या भाचीने हिशोब घातला: तीन चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी? दीड लाख घनमीटर. पंधरा कोटी लिटर. त्यातलं बरंच जमिनीत मुरतं हे खरं, पण आठवडाभर भिजलेल्या जमिनीत अजून मुरायला जागा किती? आणि डोंगर लहान, उतार तीव्र, म्हणजे माथ्यावरचा थेंब तासाभरात खाली. मोठी नदी हळूहळू चढते, हिला चढायला वेळच लागत नाही. "पण मग उतरायलाही लागणार नाही," ती म्हणाली. "ताटली लहान आहे ना."

दोन तास वीस मिनिटं लागली. एका बाभळीसारख्या झुडपाच्या कोणत्या फांदीपर्यंत पाणी आहे ते बघत बसलो होतो. एक फांदी सुटली, मग दुसरी. मग खुणेच्या दगडाचा माथा दिसला, त्यावर चिकटलेल्या पानांसकट. आम्ही आणखी थोडं थांबलो आणि मग ओलांडलं. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून, म्हणजे पडलोच तर पिशवी टाकता यावी. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा. बूट काढले नाहीत. पाण्याखालच्या गोट्यांवर अनवाणी पाय ठेवणं ही हौस आहे, ती उथळ पाण्यात करावी.

तिसऱ्या खेपेला मात्र आम्ही सुट्टीची तारीख बघितली नाही. पावसाची बघितली. भरपूर पाऊस होऊन गेला पाहिजे, म्हणजे जमीन भरलेली असेल आणि झिरपून येणारं पाणी चालू असेल. पण निदान दोन दिवस उघडीप हवी, म्हणजे वरचा लोंढा निघून गेलेला असेल. आणि माथ्यावर ढग नको. असे तिन्ही योग यायला महिना गेला. मधल्या दोन रविवारी मी पिशवी भरून परत रिकामी केली. कामाच्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला, "मामा, आज." मी रजा टाकली.

खुणेचा दगड तीन बोटं उघडा होता. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. धोंडे मात्र पहिल्या खेपेपेक्षा वाईट, कारण आता त्यांच्यावर शेवाळ होतं. हिरवं शेवाळ दिसतं आणि आपण टाळतो. खरं फसवतं ते काळं, पातळ, ओल्या दगडासारखंच दिसणारं. त्यावर बुटाचा तळवा कितीही चांगला असला तरी टिकत नाही. उपाय एकच, कोरडा किंवा खरबरीत दगड शोधायचा, नाहीतर बसून उतरायचं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला बसून उतरायची लाज वाटू नये. मी जवळजवळ अर्धी घळ बसूनच पार केली. जळवाही होत्या. नख तिच्या तोंडाखाली सरकवलं की सुटते. ओढून काढू नये. रक्त बराच वेळ वाहत राहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, घाबरायचं काही नाही. भाचीने पाच काढल्या, मला दोन मिळाल्या. यावरूनही मला टोमणे बसले.

धबधबा आधी दिसला नाही, ऐकूही आला नाही. पहिल्यांदा जाणवलं ते झाडांवर. वारा नव्हता, घळीतली सगळी पानं स्तब्ध होती, पण शेवटच्या वळणाजवळच्या झुडपांची पानं एकसारखी माना हलवत होती. पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा खाली ओढून आणतं, ती खाली आपटून बाहेर फेकली जाते, आणि घळीत तिला जायला एकच वाट असते. मग तोंडावर गार, बारीक ओल आली. आवाज नंतर. तोही आधी वाऱ्यासारखा वाटला. वळण पार केलं आणि तो समोर होता.

मी त्याचं वर्णन करण्याच्या भानगडीत फार पडत नाही. तो काही जोगसारखा २५३ मीटरचा नव्हता, आणि व्हेनेझुएलातल्या ९७९ मीटरच्या एंजलपुढे तर त्याने तोंडही दाखवू नये. एकच धार, वर दोन हातांच्या कवेत मावेल एवढी, खाली येईपर्यंत विस्कटलेली. पण मी त्याला कोरडा बघितलेला होता. ती काळी पट्टी कुठे, लाल थर कुठे, छप्पर किती पुढे आलंय, सगळं मला पाण्याआड दिसत होतं.

एक गोष्ट मी बराच वेळ बघत राहिलो. मधली जाड धार दाणदिशी खाली येत होती, पण तिच्या कडेने सुटलेल्या बारीक सरी संथ उतरत होत्या, कुणी वरून शेला सोडावा तशा. मला वाटलं डोळ्यांचा खेळ असेल. भाची म्हणाली, नाही, खरंच हळू आहेत. हवेचा अडथळा नसता तर ३० मीटरवरून पडणारं पाणी खाली पोचताना सेकंदाला २४ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटर वेगाने येईल. जाड धार एकसंध असते, तिला हवा फार अडवू शकत नाही. पण तीच फुटून थेंब झाली की प्रत्येक थेंबाला हवा धरून ठेवते. पावसाचा मोठ्यातला मोठा थेंबसुद्धा सेकंदाला साधारण ९ मीटरच्या पुढे जात नाही, बारीक तुषार तर तरंगतच येतात.

"३० मीटर कशावरून?" मी विचारलं. तिला हेच हवं होतं. पिशवीतून तिने कोनमापक काढला, त्याच्या मध्याला बांधलेला दोरा आणि दोऱ्याला लोंबणारी कपाटाची किल्ली. डोहाच्या काठावर, धारेपासून वीस मीटरच्या दोरीने दोनदा मोजून चाळीस मीटर अंतर धरलं. कोनमापकाच्या सरळ कडेवरून ती माथ्याकडे बघत होती, दोरा कुठे लटकतो ते मी वाचायचं. वारा आणि तुषार यांनी किल्ली नाचत होती. सात वेळा वाचलं. ३३ पासून ३७ पर्यंत सगळं आलं, मध्य धरला ३५ अंश. चाळीस गुणिले ३५ अंशाचा टॅन, २८ मीटर. त्यात तिच्या डोळ्यांची उंची दीड मीटर. साडेएकोणतीस, मीटर-दोन मीटर इकडेतिकडे. नकाशाने २० ते ६० सांगितलं होतं.

साडेदहाला सूर्य कड्यावरून आमच्या पाठीशी आला आणि तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेच्या बिंदूभोवती ४२ अंशांवर ते असतं, म्हणून सूर्य वर चढतो तसतसं धनुष्य खाली उतरतं. हे पुस्तकातलं वाक्य आम्ही बसून अनुभवलं. सूर्य बराच वर आलेला, म्हणून ते आधीच डोळ्यांच्या पातळीच्या खाली, डोहावरच्या तुषारांत होतं, मग आणखी खाली, मग पाण्याला टेकलं. आम्ही दोघं दोन धोंड्यांवर बसलो होतो आणि तिला दिसणारं धनुष्य मला दिसणाऱ्यापेक्षा थोडं बाजूला होतं. "तुझं कुठे आहे?" "त्या फुटलेल्या दगडापाशी. तुझं?" "जरा उजवीकडे." बराच वेळ हाच संवाद चालला.

डोहात मी उतरलो नाही. अंगात पोहण्याची हौस आहे, पाणी निळसर-हिरवं, अगदी बोलावणारं होतं. पण वहीतले ते तीन धोंडे आत कुठेतरी टोकं वर करून बसलेले मला ठाऊक होते आणि पाण्यात त्यांचा मागमूस नव्हता. धारेखालचं पांढरं पाणी तर आणखी फसवं. त्यात निम्मी हवा असते, म्हणून ते पांढरं दिसतं, आणि त्याच कारणाने ते माणसाला नीट तरंगवत नाही. वरून पडणारी धार खाली दाबते, भोवरा पुन्हा धारेकडे ओढतो. चांगले पोहणारेही अशा ठिकाणी बुडतात, ते पोहता येत नाही म्हणून नव्हे. आम्ही डोहातून पाणी बाहेर पडतं त्या उथळ तोंडाशी पाय सोडून बसलो. पाच मिनिटांत पाय बधिर झाले.

बाराला निघायचं ठरलं होतं, बाराला निघालो. यावर माझी कुरकुर झाली, ती लिहिण्यासारखी नाही. माथ्यावर तेव्हा फक्त कापसाएवढा एक ढग होता.

उतरताना आजोबा दिसले नाहीत, गुरं मात्र पलीकडच्या सोंडेवर चरत होती. पहिल्या ओलांडणीपाशी भाची वाकली आणि खुणेच्या दगडाला बोटं लावून मोजायला लागली. सकाळी तीन बोटं उघडा होता, आता साडेतीन होता, तिच्या मते चार. बोटं कुणाची धरायची यावर आमचं एकमत झालं नाही. पाण्यात उभ्या उभ्या तिने वही काढली, वेळ लिहिली आणि म्हणाली, "असंच कोरडं राहिलं तर पुढच्या महिन्यात नुसता ओघळ उरेल." मी कमरेचा पट्टा सोडला आणि काठी रोवली.